तीनशे सत्त्याऐंशी

पहाटेचे पावणेसहा. खाणीच्या गेटवर धुकं इतकं दाट आहे की आडव्या टाकलेल्या लाल-पांढऱ्या बांबूचं दुसरं टोक दिसत नाही. वर्धा नदी जवळच आहे, आणि डिसेंबरात तिचा सगळा ओलावा रात्री इकडेच मुक्कामाला येतो. त्यात जुन्या कोळशाच्या ढिगाचा धूर मिसळलाय. तो ढीग कुणी पेटवलेला नाही. हवा लागत राहिली की कोळसा आतल्या आत तापत जातो आणि एके दिवशी आपला आपणच धुमसायला लागतो. गंधकाचा वास घशात बसतो.

गेटच्या आत निळा फलक आहे, 'अपघातविरहित दिवस'. खाली तीन खिळे आणि त्यांवर पत्र्याचे वीत-वीतभर आकडे, ३, ८, ६. हाजरी ऑफिसातला बाबू स्टुलावर चढतो, सहा काढतो, काखेतल्या बिस्किटांच्या डब्यातून सात शोधून लटकवतो. खाली उतरून चार पावलं मागे जातो, बघतो, आणि देवाच्या तसबिरीवरचा हार सरळ करावा तसा सात सरळ करायला पुन्हा वर चढतो.

मी डब्यात डोकावतो. पत्रे एकमेकांवर घासून रंग उडालेले.

"शून्य एकच आहे," बाबू सांगतो. "चारशेला दोन लागतील. पेंटरला सांगून ठेवलंय. त्या दिवशी पेढे पण आहेत, या."

मी इथे घोषवाक्यं लिहायला आलोय. सुरक्षा पंधरवडा तोंडावर आहे आणि कंपनीला पंचवीस मराठी घोषवाक्यं नि एक पथनाट्य हवंय. खाण कुणाची ते सांगत नाही, चंद्रपूर जिल्ह्यातली एक उघडी कोळसाखाण एवढं पुरे. 'खाण पाहिल्याशिवाय लिहिणार नाही' असं मीच तोऱ्यात म्हणालो होतो, म्हणून आज पहिल्या पाळीबरोबर खाली उतरायची परवानगी मिळाली आहे. डोक्यावर कानापर्यंत येणारं हेल्मेट, पायात दीड नंबर मोठे बूट आणि सोबतीला ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख ठेवणारे. त्यांना सगळी खाण मामा म्हणते. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. माझं काम ऐकून त्यांनी मला लगेच 'कविराज' करून टाकलं.

हाजरीच्या खोलीत पाळी जमलीय. डंपरवाले एकेक करून यंत्रात फुंकर मारतात, यंत्र टुंग करतं, पुढचा येतो. रात्रीची उतरली नसेल तो इथेच गळतो. मग सगळे उजवा हात पुढे करून सुरक्षेची शपथ म्हणतात. आवाज शाळेतल्या प्रतिज्ञेचाच, शब्दांच्या पुढे धावणारा. मागच्या भिंतीवर एक जुना तक्ता. १९५४, न्यूटन चिखली, ६३. १९७५, चासनाला, ३७५. २०१६, राजमहल, २३. पहिल्या दोन ठिकाणी भूमिगत खाणीत पाणी घुसलं. तिसरी आपल्यासारखीच उघडी खाण, तिथे मातीचा अख्खा ढीग माणसांवर आणि यंत्रांवर घसरला. चिखली तर शेजारच्या छिंदवाड्यातली, आणि त्या साली छिंदवाड्याचा कारभार नागपुरातून चालायचा. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यावर कुणीतरी डब्याची पिशवी अडकवलीय.

"हे मोठे," मामा तक्त्याकडे हनुवटीने दाखवतात. "हे लपत नाही. लपते ते बारकं."

आम्ही कॅम्परमध्ये बसतो. गाडीला उंच काठी आणि काठीच्या टोकाला लाल झेंडी. ही झेंडी कशासाठी ते पहिला डंपर समोरून आल्यावर कळतं. त्याचं चाकच माझ्या डोक्याच्या वर जातं. चालक दुमजली घराच्या गच्चीवर बसावा तसा बसलाय, आणि ज्या बाजूला केबिन नाही त्या बाजूचा किती तरी रस्ता त्याला दिसतच नाही. त्या आंधळ्या पट्ट्यात आमची गाडी शिरली तर त्याला दिसेल ती फक्त झेंडी. रस्त्याच्या खोलीकडच्या कडेला मातीचा बांध घातलाय. मामा गाडी थांबवून उतरतात, बांधाशी उभे राहतात, तळहात आडवा धरून उंची बघतात.

"सगळ्यात मोठ्या गाडीच्या टायरएवढा पायजे. इथं बसलाय." ते खिशातून डायरी काढून लिहितात. "पाण्याचा टँकर रोज इथंच वळते, रोज थोडा खाते."

खाली खाण उघडी पडलीय. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली, वरची माती पिवळी, मग राखाडी दगड, आणि तळाशी धुक्यातही चमकणारा काळा थर. शॉव्हेल तोंड खुपसतं, वळतं, ओततं. तीन-चार ओतण्यांत डंपर भरतो. पाणी मारलेल्या रस्त्याला पहिल्या पावसाचा वास येतोय, डिझेलसकट. बघत राहावं असं आहे हे, आणि बघत राहणं हाच इथला पहिला गुन्हा. मामा दोनदा माझा दंड धरून मला मागे ओढतात.

कुठून गळतंय, कुठे तडा गेलाय, कुठला दिवा लागत नाही. तीन तास मामा हेच करतात. दरडीच्या माथ्यावर केसाएवढी भेग आहे, तिच्यावर गेल्या आठवड्यात चुन्याचं बोट ओढलंय. आज चुना तुटलाय का ते वाकून बघतात. तुटलेला नाही. तरीही खालून यंत्र जरा लांब घ्यायला सांगतात. चालक कुरकुरतो. मामा ऐकत नाहीत.

साडेनऊला आम्ही वर कोळशाच्या यार्डात येतो. इथे ठेकेदाराचे टिप्पर. खालून कोळसा आणायचा, इथे उलटायचा, की पुन्हा खाली. फेरीवर पैसे, त्यामुळे उलटायला वेळ लागला की मागच्याचा हॉर्न.

एक टिप्पर डाला वर करून उभा आहे. कोळसा पडत नाही, मागचा फाळका उघडलेला नाही. अठरा-एकोणीसचा क्लीनर पोरगा उतरतो, लोखंडी रॉडने खालच्या कडीवर ठोकतो. एकदा. दोनदा. रॉड बाजूला टाकतो, हातमोजा दाताने ओढून काढतो आणि बोटांनीच कडी ओढायला जातो.

कडी सुटते. कोळसा धबाबा येतो, फाळका बाहेर झोकांडतो आणि परत येऊन आदळतो. आवाज मोठा नाही, जुन्या घराचं दार लावावं तेवढाच. पोरगा दोन पावलं मागे येतो, उजवा हात डाव्या काखेत घालून उभा राहतो आणि हसतो. ते हसू मला अजून कळलेलं नाही.

"काही नाही झालं जी," तो म्हणतो. "काही नाही, काही नाही."

मामा धावत जाऊन त्याला खाली बसवतात, हात काखेतून हळू बाहेर काढतात. मधल्या बोटाचं टोक चपटं झालंय, नखाखालून रक्त येतंय. मामा आपला गळ्यातला रुमाल गुंडाळतात, हात डोक्याच्या वर धरायला सांगतात. मग उठून टिप्परच्या मागे जातात आणि कडीकडे बघत उभे राहतात. बराच वेळ. मागे चार टिप्पर लागलेत, चौघेही हॉर्न वाजवतायत.

"गाडी हलवायची नाही," मामा चालकाला सांगतात. "जशी हाय तशी."

मोटारसायकलवरून ठेकेदाराचा मुन्शी येतो. त्याची पहिली नजर रांगेवर, दुसरी मामांवर, तिसरी पोरावर. "क्या हुआ रे? उंगली? अरे मामूली है." मग माझ्याकडे बघून मराठीत, "साहेब, ह्या लोकांना सांगून सांगून थकलो, हातमोजे काढू नका म्हणून."

प्रथमोपचाराच्या खोलीत ड्रेसर बोट धुतो. स्पिरिटचा वास सुटतो. पोरगा छताकडे बघतो. पहिला प्रश्न विचारतो तो बोटाबद्दल नाही.

"आजची हाजरी लागेल ना?"

मुन्शी दारातून म्हणतो, "लागेल, लागेल. गावातल्या डॉक्टरकडे नेतो मी. आपला ओळखीचा आहे. टाका मारेल, गोळ्या देईल, संध्याकाळी घरी."

सगळा खेळ या वाक्यात आहे, आणि तो कळायला मला पुढचा अर्धा तास लागतो. सुरक्षा अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसवून मला चहा दिला जातो. अधिकारी तिशीचा, सांगलीकडचा, टेबलावर त्याच्या मुलीचा फोटो. तो मला शांतपणे समजावतो, जणू मीच परीक्षेला बसणार आहे. जखमेमुळे माणूस बहात्तर तास किंवा जास्त कामाला येऊ शकला नाही, तर ती कळवायची जखम. अवयव गेला, दृष्टी गेली, ऐकू यायचं बंद झालं किंवा हाड मोडलं, बोटाचं पेर मोडलं तरी, ती गंभीर इजा, आणि मग नागपूरच्या खाण सुरक्षा कार्यालयाला लगेच खबर. हे १९५२ च्या खाण कायद्यातलं. आता नव्या संहिता आल्या, तरी इथे बोलण्यात अजून माइन्स ॲक्टच आहे.

म्हणजे गावातल्या डॉक्टरकडे एक्स-रे निघाला नाही तर मोडलेलं हाड मोडलेलं नाही.

"आणि बहात्तर तास?" मी विचारतो.

अधिकारी खिडकीबाहेर बघतो. उत्तर मामा देतात, दारात उभ्या उभ्याच. "त्याले खुर्ची ड्यूटी म्हणते. पाय मोडला तरी दुसऱ्या दिवशी जीप घरी जाते. माणूस येते, हाजरीवर सही करते, ऑफिसात खुर्चीवर बसते. पेपर वाचते. कामावर आला ना? मग जखम नाही." ते थांबतात. "ह्या साहेबाच्या आधीची गोष्ट सांगतो मी. ह्याची नाही."

अधिकाऱ्याचे कान लाल होतात.

मला माझी वही आठवते. त्यात कालच लिहिलेलं आहे, 'शून्य अपघात, हाच आमचा ध्यास'. ध्यास शून्याचा लावला, शून्याला बक्षीस ठेवलं, शून्याला पेढे ठेवले, तर माणसं शून्य तयार करून देतील. कोळसा मागितला की कोळसा देतात, शून्य मागितलं की शून्य. अपघात न होऊ देणं हा त्यातला एक मार्ग. दुसरा फार स्वस्त आहे.

भिंतीवर आलेख आहे, खाली खाली उतरत गेलेली निळी रेघ. आपल्याकडे कोळसाखाणीतल्या मृत्यूंचा दर दोन तऱ्हांनी मोजतात, दहा लाख टनांमागे किती आणि तीन लाख मनशिफ्टमागे, म्हणजे माणसांनी भरलेल्या पाळ्यांमागे, किती. टनांनी भागलं की गंमत होते. दोन मोठे शॉव्हेल आणले, कोळसा दुप्पट निघाला, तर माणसं पूर्वीइतकीच मेली तरी रेघ निम्म्यावर येते. रेघ खोटी नाही. पण भागाकारात छेद वाढला की अंश झाकला जातो, हे सातवीच्या पोरालाही कळतं. मनशिफ्टची रेघ जास्त प्रामाणिक, पण तीसुद्धा हाजरी बुकातून येते, आणि ठेकेदाराची माणसं कुठल्या बुकात किती खरी लिहिली आहेत यावर तिचं सगळं.

टेबलाच्या कोपऱ्यात एक लांबट रजिस्टर आहे. 'निअर मिस'. म्हणजे थोडक्यात हुकलेलं, झालं असतं पण झालं नाही ते. मी विचारून उघडतो. तारीख, पाळी, ठिकाण, तपशील. तपशिलाच्या रकान्यात एकच शब्द, सरकारी मराठीतला माझा नावडता शब्द. निरंक. खाली, निरंक. पान उलटलं, निरंक. मधे एका ठिकाणी 'रस्त्यावर साप दिसला', आणि मग पुन्हा निरंक. हाइनरिक नावाच्या अमेरिकन विमा अधिकाऱ्याने १९३१ मध्ये हिशेब मांडला होता, एका मोठ्या इजेमागे एकोणतीस किरकोळ आणि तीनशे बिनइजेच्या घटना. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण या खाणीत दीड वर्षात एक साप, हे हाइनरिकला सोडा, सापालाही पटणार नाही.

"ठेकेदाराचे लोक येतात लिहायला?" मी विचारतो.

"कसे येतील?" अधिकारी म्हणतो. "रजिस्टर माझ्या केबिनमध्ये. केबिनला बायोमेट्रिक. आणि तक्रार केली तर उद्या मुन्शी गाडीवर घेईल का?" बोलून झाल्यावर, आपण हे पाहुण्यासमोर बोललो असं त्याच्या लक्षात येतं.

बाहेर मुन्शीची मोटारसायकल सुरू होते. पोरगा मागे बसलाय, पांढरं बँडेज छातीशी धरून. अधिकारी एकदम उठतो. खिडकी उघडून ओरडतो, "थांब! तो ॲम्ब्युलन्सने जाईल. आपल्या दवाखान्यात. एक्स-रेला."

मुन्शी गाडी बंद न करताच म्हणतो, "साहेब, एवढ्याशा बोटासाठी? तीनशे सत्त्याऐंशी दिवस झालेत."

तो आकडा मुन्शीला पाठ आहे. सगळ्यांनाच पाठ आहे. पोराच्या नावाची चौकशी मात्र आत्तापर्यंत फक्त ड्रेसरने केलीय, चिठ्ठीवर लिहायचं होतं म्हणून.

ॲम्ब्युलन्स जाते. नंतरचा दीड तास काहीच घडत नाही, आणि तोच सगळ्यात अवघड आहे. फोन येतात. अधिकारी 'हो सर', 'बघतो सर', 'रिपोर्ट आल्यावर सर' म्हणतो. एका फोनवर नुसताच गप्प ऐकतो, मग म्हणतो, "सर, हाताळणीत किरकोळ दुखापत असं लिहिता येईल, पण हाड मोडलं असलं तर नाही येणार." फोन ठेवल्यावर रुमालाने हात पुसतो. खरचटले. चेपले. किरकोळ. मुका मार. समोरच्या कोऱ्या फॉर्मवर यातला कुठला शब्द बसणार यावर चार माणसं चार ठिकाणी विचार करतायत. शब्द निवडणं माझा धंदा आहे, आणि शब्द निवडताना एवढा घाम फुटलेला माणूस मी कधी बघितलेला नाही.

साडेबाराला फोन टुंग करतो. दवाखान्यातल्या तंत्रज्ञाने एक्स-रेचा फोटो पाठवलाय. अधिकारी दोन बोटांनी चित्र मोठं करतो, आम्ही तिघे वाकतो. काळ्या पाण्यात बुडाल्यासारखा पांढरा हात. मधल्या बोटाच्या अगदी शेवटच्या पेराशी एक तुकडा सुटलाय. तांदळाच्या दाण्याएवढा. कणीएवढाच म्हणा.

कुणी बोलत नाही. बाहेर कुठेतरी सुरुंगाच्या आधीचा भोंगा वाजतो, लांबलचक.

अधिकारी पेनाचं टोपण काढतो, फॉर्म पुढे ओढतो आणि लिहायला लागतो. अक्षर सुरेख आहे. 'इजेचे स्वरूप' इथे थांबत नाही. 'कारण' इथे थांबतो. बराच विचार करून लिहितो, 'कामगाराने हातमोजा काढला'.

मामा आपलं पाळीचं पुस्तक टेबलावर ठेवतात. त्यांनी आधीच लिहिलंय, मोठ्या, मुरडलेल्या अक्षरात. अधिकारी मोठ्याने वाचतो. "फाळक्याची कडी वाकडी. पंधरा दिवसांपासून वाकडी. रॉडने ठोकून उघडत होते." वाचून वर बघतो. "मामा, पंधरा दिवस कुठून आले?"

"ड्रायव्हर म्हणाला. पोरगा म्हणाला. मी दोघांले वेगवेगळं विचारलं." मामा हेल्मेट काढून टेबलावर ठेवतात. केसांवर त्याची गोल खूण उमटलीय. "मोजा का काढला? कारण मोज्यात कडी धरता येत नाही. कडी का धरली? कारण ठोकून उघडत नाही. पंधरा दिवसांत रोज दहा-बारा फेऱ्या. साहेब, तुमच्या त्या रजिस्टरात दीडशे नोंदी पायजे होत्या. एक साप हाय."

अधिकारी हातमोज्याची ओळ खोडत नाही. तिच्यावर, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात कडी लिहितो. जागा पुरत नाही. समासात जातो.

दोन वाजता पाळी सुटते. गेटवर ऊन आहे, धूर तसाच आहे. बाबू स्टूल घेऊन फलकाखाली उभा आहे, डबा काखेत. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही, पण खाणीत कुणी काही सांगायच्या आधीच सगळं कळतं. तो तीन काढतो, हातात धरतो, परत लावतो. मग खिशातून फोन काढून पेंटरचा नंबर शोधायला लागतो.

मामा घरी जात नाहीत. ते यार्डाच्या बाजूला जेवणाच्या सुट्टीत उभ्या असलेल्या टिप्परांच्या रांगेकडे चालू लागतात, मला हाताने बोलावतात. पहिल्या टिप्परच्या मागे वाकतात, कडीवर टॉर्च मारतात, बोटाने नाही, हातोडीच्या दांड्याने हलवून बघतात.

"चष्मा घरी राहिला," ते म्हणतात. "कविराज, वही हाय ना? लिवा."

मी वही उघडतो. घोषवाक्यांच्या मागचं कोरं पान काढतो.

"पहिली, ठीक." दुसऱ्या टिप्परमागे जातात. "दुसरी, ठीक." तिसऱ्यापाशी खाली बसतात. गुडघे वाजतात. "हिची पिन नाही. तार बांधली हाय. तार लिवा."

मी लिहितो, तार.

"पुढची," मामा म्हणतात.